बरोबरच्या खुणेची हार्ड डिस्क

तीर्थस्वरूप साडूभाऊंना,

धाकट्या साडूचा दोन्ही हात जोडून आणि कंबर परवानगी देईल तितके वाकून नमस्कार. तुमचा उजवा गुडघा, ताईंचा रक्तदाब आणि बाल्कनीतली ती रुसलेली कुंडी, सगळे सुखरूप असेल अशी आशा करतो. तुमचा संगणकही ठीक असावा. (तो सध्या बंदच असावा, अशी त्याहून मोठी आशा आहे. कारण पुढे येईल.) पत्राच्या आरंभी 'विनंती विशेष' लिहायची रीत आहे. या पत्रात विशेष आधी येईल आणि विनंती मागाहून, कारण विनंती आधी केली तर तुम्ही विशेष वाचणार नाही, हे मी बत्तीस वर्षांच्या नात्यावरून ओळखून आहे.

मागच्या आठवड्यात तुम्ही दोन दिवस आमच्याकडे राहून गेलात, तेव्हा घरात काही बिनसले आहे हे तुमच्या ध्यानात आले नसेल. त्या दोन दिवसांत बोलायची पाळी दुसऱ्या कुणावर आलीच नाही. (विमा एजंटाची जीभ निवृत्त होत नाही, असे आमची ही म्हणते. मी म्हणत नाही.) म्हणून मुळापासून सांगतो.

आमच्या संगणकाच्या पोटातली हार्ड डिस्क दीड महिन्यापूर्वी कटकट करू लागली. संसारात कटकट नवी नाही, पण ही ठरावीक अंतराने आणि कारण नसताना होत होती, म्हणून मी घाबरलो. त्या डिस्कवर काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. सासरेबुवांची नजर गेल्यापासून सासूबाई त्यांना रोज चार वाजता वर्तमानपत्र वाचून दाखवत. पुढे त्यांच्या स्वतःच्या इस्पितळाच्या खेपा सुरू झाल्या, तेव्हा आपल्यामागे वाचन बुडू नये म्हणून त्या आधीच फोनवर बोलून ठेवू लागल्या. असे एक्केचाळीस तुकडे आहेत. त्या गेल्याला चार वर्षे झाली, तो फोन बादलीत पडून गेला, आणि तुकडे तेवढे संगणकावर राहिले. सासरेबुवा रोज चार वाजता त्यातला एक ऐकतात. बातम्या शिळ्या आहेत हे त्यांना माहीत आहे, तरी दर खेपेला त्याच मंत्र्यावर ते नव्याने चिडतात. त्यांचा आवडता तुकडा तेविसावा. त्यात सासूबाई मध्येच 'थांबा, दूध उतू जातंय' म्हणून उठतात आणि पुढे पूर्ण एक मिनिट काहीच ऐकू येत नाही. ते मिनिट सासरेबुवा कुणाला बोलू देत नाहीत.

तर संगणकवाल्याला बोलावले. त्याने कान लावला आणि डॉक्टर बाहेर येऊन सांगतात तशा आवाजात म्हणाला, "काका, हिचे दिवस भरलेत. आठवडा जाईल, नाहीतर महिना. नवीन घ्या, कुठलीही घ्या."

साडूभाऊ, 'कुठलीही' हा शब्द मला लागला. मी पंख्यांच्या कारखान्यात एकतीस वर्षे तपासनीस होतो. माझ्या हाताखालून गेलेला पंखा आजही कुठे ना कुठे फिरतो आहे, आणि माझ्या हाताखालून न गेलेल्यांची संख्या त्याहून मोठी आहे. कारखान्यात मला मागून 'नापासराव' म्हणत, हे मला निरोपसमारंभात समोरून कळले. असा मनुष्य सासूबाईंचा आवाज कुठल्याही डिस्कवर ठेवील? मी त्याच दिवशी ठरवले की घेईन तर खात्रीचीच घेईन, मग कितीही चपला झिजोत.

दुकानदाराकडे गेलो. त्याने तीन वर्षांची गॅरंटी दाखवली. मी विचारले, तीन वर्षांच्या आत बिघडली तर काय कराल? म्हणाला, नवी देऊ. मी म्हटले, नवी म्हणजे रिकामी. आमच्या सासूबाई कोण देणार? यावर त्याने पाणी मागवले, ते त्याच्यासाठी होते. मग मी माझा ठेवणीतला प्रश्न काढला, तुमच्या स्वतःच्या घरी कोणती आहे? त्याने मान खाली घालून सांगितले की तो सगळे वहीत लिहितो.

शिवाय या डिस्कमध्ये दोन जाती निघाल्या. एकीत तबकडी फिरते, दुसरीत काहीच फिरत नाही. संगणकवाला म्हणाला की न फिरणारी झपाट्याने काम करते. पण चार वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र ऐकायला कुणाला कसली घाई? माझा कौल फिरणारीला पडला. फिरणारी वस्तू आजारी पडली तर आवाज करून सांगते, न फिरणारी एक दिवस न सांगता जाते, आणि तोवर आवाज करत नाही म्हणून लोक तिला उत्तम म्हणतात. मग गिऱ्हाइकांचे अभिप्राय वाचायला बसलो. एकाने पाच तारे देऊन लिहिले होते, 'खोका सुंदर आहे, अजून उघडला नाही.' दुसऱ्याने त्याच डिस्कला एक तारा दिला होता, कारण ती आणणारा माणूस उद्धट होता. असे सहाशे अभिप्राय मी वहीत उतरवले. त्यातून निष्पन्न एवढेच झाले की वही संपली.

संगणकवाला दुसऱ्यांदा आला तेव्हा म्हणाला, "काका, खात्रीची डिस्क नसते हो. खात्रीच्या दोन प्रती असतात. आधी कुठेतरी उतरवून तर घ्या." हे वाक्य मी तेव्हा कानामागे टाकले. आता ते कागदावर लिहून संगणकावर चिकटवले आहे. संगणकात दुसरे काही नसल्याने वाचायला तेवढेच आहे.

पाचव्या आठवड्यात मी दुकानदाराकडून दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या डिस्क आणल्या, आठ दिवस तपासून एक परत करण्याच्या बोलीवर. (तो कबूल झाला. मी पुन्हा येणार नाही म्हटले असते तर तो आणखीही पुष्कळ कबूल झाला असता.) संगणकवाल्याने त्या बाहेरून जोडायची वायर दिली. मी प्रत्येकीला तीन दिवस चालवले, आणि कारखान्यातल्या पद्धतीने स्क्रू ड्रायव्हरचे टोक डिस्कवर आणि मूठ कानाला लावून ऐकत बसलो. पहिलीत दर अकराव्या मिनिटाला एक बारीक किर्र असे. हिला ऐकू आली नाही, संगणकवाल्याला ऐकू आली नाही, सासरेबुवांना मात्र आली. तेव्हा मी पहिलीच्या खोक्यावर लाल पेन्सिलीने खूण केली आणि निश्चिंत झालो. दुसरी पास.

आता ही खूण नीट समजून घ्या, कारण घर बुडाले ते इथे. आमच्या कारखान्यात चांगल्या मालावर कधीच खूण करत नसत. चांगला माल चांगलाच असायचा, त्याचे कौतुक कसले? दोष सापडला की तपासनिसाने बरोबरची खूण करायची, म्हणजे 'दोष आहे, मी पाहिला, बरोबर.' एकतीस वर्षे मी हेच केले आणि त्यात काही चमत्कारिक आहे असे मला कुणी सांगितले नाही. आणि आमची ही? तेहतीस वर्षे शाळेत बाई होती. तिने जन्मात बरोबरची खूण चुकलेल्या उत्तरावर केलेली नाही.

मी त्या दिवशी दुपारी पेन्शनच्या कार्यालयात गेलो होतो. इकडे जुन्या डिस्कची कटकट वाढली. आपला नवरा तपासतच राहील आणि आई हातची जाईल, असे हिच्या मनाने घेतले (आणि ते खरे होते, हे मी इथे लिहून देतो). तिने वायर जोडली, बरोबरची खूण असलेली डिस्क घेतली, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस तुकडे त्यावर उतरवले, तेविसावा ऐकून खात्री केली आणि डिस्क पुन्हा खोक्यात जागच्या जागी ठेवली. मला बोलली नाही. सगळे जुळून आल्यावर चार वाजता आश्चर्याचा धक्का द्यायचा तिचा बेत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या डिस्कने मान टाकली. आतली तबकडी खरवडली गेली आहे, आता काही निघायचे नाही, असे संगणकवाला म्हणाला. मी हादरलो, पण ही शांत होती. तिची शांतता पाहून मला वाटले की बाईमाणसाचे धैर्य मोठे असते. काही सुचेना, तेव्हा निदान हातातले काम तरी पुरे करावे म्हणून मी खुणेची डिस्क उचलली आणि दुकानात परत देऊन आलो.

ही तुम्ही आमच्याकडे होता त्याच दिवसाची गोष्ट. तुम्ही पाय मोकळे करायला बाहेर पडला होतात.

घरी आल्यावर ही म्हणाली, "चला, चार वाजले. ती बरोबरवाली लावा."

"परत दिली."

"परत दिली म्हणजे?"

"नापास होती ती. ही घे, ही चांगली."

तिने त्या चांगल्या, कोऱ्या डिस्ककडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. आणि अगदी हळू विचारले, "एकतीस वर्षं तुम्ही चुकलेल्यावर बरोबरची खूण करत होतात?" साडूभाऊ, मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. ती ओरडली असती तर बरे झाले असते.

मी आल्या पावली दुकानात पळालो. डिस्क तासाभरातच विकली गेली होती. 'गिऱ्हाईक बोलायचं थांबलंच नाही हो, मी दोष सांगतोय तर ऐकायलाच तयार नाही,' असे दुकानदार सांगत होता. नाव नाही, पत्ता नाही. पण मी हार मानणारा नाही. पंखा कुठे घासतो हे शोधायला मी एकदा अकरा दिवस एका पात्यापुढे बसलो होतो, आणि इथे तर आमच्या सासूबाई आहेत.

सासरेबुवांना आम्ही यंत्र दुरुस्तीला गेले आहे एवढेच सांगितले आहे. चार वाजता मी त्यांना ताजे वर्तमानपत्र वाचून दाखवतो. ते ऐकतात, मंत्र्यावर चिडत नाहीत. परवा म्हणाले, "जावईबापू, तुम्ही छान वाचता. पण ती स्वल्पविरामाला थांबायची." त्या दिवसापासून मी थांबतो. मग ते म्हणतात, थांबल्यावर ती श्वास घ्यायची. मी श्वास घेतो. यापुढे मला जमण्यासारखे नाही.

असो. ताईंना नमस्कार. कुंडीला पाणी कमी घाला.

तुमचा,
धाकटा साडू

ताजा कलम : डिस्क विकत घेणाऱ्या गृहस्थांचे वर्णन दुकानदाराने दिले ते कळवतो. काखेत मिटलेली छत्री. उजव्या पायाने किंचित लंगडत. खोक्यावरची लाल खूण दाखवून 'हा तपासून पास केलेला माल आहे, मला फसवू नका' असे म्हणाले, आणि लगेच 'पण खोका उघडलेला आहे, निम्मी किंमत घ्या' असेही म्हणाले. जाताना दुकानदाराला दुकानाचा विमा उतरवायचा सल्ला दिला, आणि त्याने तो उतरवलाही. साडूभाऊ, या पृथ्वीतलावर असे गृहस्थ किती असतील? त्या दिवशी तुम्ही पाय मोकळे करून आलात तेव्हा पिशवी पाठीमागे धरली होती. आम्हाला वाटले, आमच्यासाठी काही आणले असेल आणि नंतर विचार बदलला असेल.

दुसरा ताजा कलम : विनंती अशी. ती डिस्क संगणकाला लावू नका. लावली असेल तर संगणक काय विचारतो ते वाचल्याशिवाय 'होय' दाबू नका. तुम्ही सगळ्याला 'होय' दाबता, हे ताईंनी फोनवर सांगितले. मागे असेच दाबून तुम्ही तुमचे लग्नाचे फोटो कुणा परक्या माणसाला पाठवले होते. हे सगळे फोनवर सांगता आले असते, पण फोनवर मी 'हॅलो' म्हणाल्यानंतर पुढचा शब्द मला कधी मिळालेला नाही. म्हणून हे पत्र टपालात न टाकता मीच घेऊन येत आहे. तुम्ही हे वाचत असाल तेव्हा मी समोरच बसलेला असेन. वाचून झाले की न बोलता उठा आणि डिस्क आणून द्या. बदल्यात कोरी, पास झालेली डिस्क मी बरोबर आणली आहे. तिच्यावर काहीही खूण नाही. तुमच्या ताब्यातल्या किर्र करणारीतून आधी दोन प्रती काढू, एक तुमच्याकडे राहील आणि एक आमच्याकडे.

तिसरा ताजा कलम, पेन्सिलीने, गाडीत : निघताना सासरेबुवाही हट्टाने बरोबर आले. थोरल्या लेकीला भेटायचे आहे म्हणाले. आता ते माझ्या शेजारी बसून डुलक्या घेत आहेत, आणि तुम्ही हे वाचाल तेव्हा तुमच्या शेजारी बसलेले असतील. आवाज गेला आहे, किंवा जायच्या बेतात आहे, यातले त्यांना अक्षरही ठाऊक नाही. दिसत नसले तरी कान शाबूत आहेत, ते तुम्ही किर्रवरून जाणताच. आणि तुम्हाला आलेले पत्र मोठ्याने वाचायची सवय आहे, हे मला आत्ता, गाडी सुटल्यावर आठवले. तेव्हा कृपा करून हे पत्र पहिल्या ओळीपासून मनातल्या मनात वाचावे.