मोगरीच्या पायाचा काटकोन

१२ नोव्हेंबर
पीव्हीसी पाईप — शेडमध्ये उरलेला, फुकट. कापूस चाळीस. पट्ट्या साठ. बघ्यांना चहा-भजी दोनशे. लेथ अर्धा दिवस बंद, बाराशे. एकूण पंधराशे. पण डॉक्टरचे आठशे वाचवले!

झालं असं. चांगुणाताई वणीहून टेम्पोत बकरी घेऊन आली. मोगरी. तीन महिन्यांची गाभण. बांधावरून उडी मारली अन् मागचा पाय दुखावला. सकाळी नाशकात डॉक्टरने एक्स-रे काढला, प्लास्टर उद्या म्हणाली. म्हणून ताई मुक्कामाला सातपूरला, माझ्याकडे. म्हटलं, उद्या कशाला? भाऊ मेलाय का!

पाय धरला, ओढला. कट्! बसलं हाड. तीस वर्षं बेअरिंगचा बिघाड नुसत्या कानाने ओळखतोय, हाड काय चीज! पाईप उभा चिरला, गुणिया लावून पायाला बांधला. जमिनीशी काटकोन, एक सूत इकडे-तिकडे नाही. शेजारच्या शेडमधला यादव म्हणाला, "झुंबरशेठ, आता पाटीच लावा डॉक्टरची."

१३ नोव्हेंबर
मोगरी उभीच.

१४ नोव्हेंबर
अजून उभीच! बसायला गेली की पाय तोफेसारखा बाहेर. ताई म्हणाली, "झुंबर, ही बसंना. रवंथ बी नाय." म्हटलं, सवय होईल. मग ताई हळूच — "गावातून खाटकाचा फोन आला व्हता. मी ठेवून दिला. पण पिल्लांचं वझं घेऊन ही उभी कशी राहायची रे?"

मोगरीची आई मेली तेव्हा ताईनेच बाटलीने दूध पाजून तिला वाढवली. मला जेवण गेलं नाही.

१५ नोव्हेंबर
गेलो डॉक्टरकडे. अंजली नाव, माझ्या पोरीच्या वयाची. पाईप बघून म्हणाली, "काका, हा पाय आहे, शेडचा खांब नाही. बकरीचा मागचा पाय वाकडाच असतो!"
म्हटलं, गुणिया लावला होता.
"ते दिसतंय."
आत जाऊन कंपाउंडरला सांगत होती अन् दोघं खिदळत होती. कान तिखट असले की हेही ऐकावं लागतं. पुन्हा एक्स-रे. मग प्लास्टर, पाय वाकवून. सहा आठवडे.

संध्याकाळी मोगरी बसली. ताई जेवली. मीही.

२ डिसेंबर
मोगरीने माझं चलनबुक खाल्लं. ताई खूश — "भूक लागली तिला!"

२७ डिसेंबर
प्लास्टर निघालं. चारही पाय जमिनीवर! जरा लंगडते, जाईल म्हणे. ताई रडली. मग मला म्हणाली, "हाड तूच बसवलं व्हतं. त्या बाईनं नुसतं गुंडाळलं." मी नाही म्हटलं नाही. यादवने पेढे मागितले, आख्ख्या गल्लीला वाटले.

२८ डिसेंबर
फाईल आणायला गेलो. दोन्ही एक्स-रे शेजारी-शेजारी, तारखांसकट. बारा तारखेच्या एक्स-रेत हाडाला केसाएवढी चीर आहे. पंधरा तारखेच्या एक्स-रेत हाडाचे दोन तुकडे आहेत.