घाटातलं गाऱ्हाणं

७ जानेवारी, मंगळवार

उद्या पहाटे निघायचं! मी आणि सुंदरा, तिच्या व्हॅनमधून, पाचगणी–महाबळेश्वर! झोप येत नाही म्हणून लिहितेय. वही श्रुतिकाची. म्हणाली, "आजी, तू इतकं बोलतेस, थोडं लिही ना." नात असून शहाणी आहे. माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ देवाला माहीत.

सुंदराबाई म्हणजे माझी शेजारीण. नाहूरच्या चाळीत भिंतीला भिंत होती, आता बिल्डिंगमध्ये दाराला दार. तिचे मिस्टर अंबादास गेले तेव्हा त्यांची शाळेची वर्दी, म्हणजे व्हॅनमधून पोरांची ने-आण, हिने धरली. बाई माणूस व्हॅन चालवणार म्हणून लोक हसले. मग त्याच लोकांची पोरं वीसेक वर्षं नेली-आणली हिने. आमची श्रुतिकापण.

आता गुडघा गेला. वर्दी बंद. मुलगा किरण पाचगणीला शाळेत मास्तर आहे, तो म्हणतो, आई, ये आता कायमची. ही म्हणते, "जाऊन बघते, मग ठरवते." आणि मला म्हणते, तूपण चल!

म्हणजे माझी मैत्रीण माझ्यापासून जायची का नाही, हे बघायला मीच सोबत जाणार. पण फिरायला मिळतंय ते काय सोडायचं? ह्यांनी मला लग्नानंतर एकदा गोराईला नेलं होतं, होडीतून. त्यावर संसार झाला.

हर्षद ओरडतोय, "आई, घाट आहे तो! दोन म्हाताऱ्या आणि तो खटारा!"

सुंदरा दारातून म्हणाली, "खटारा कुणाला रे? तुझ्या पोरीला पावसात घरी कुणी आणली?"

मग तोच टायरची हवा बघायला खाली गेला.

पिशवीत सुके बोंबील घेतलेत. आणि दोन नारळ. एक जाताना, एक येताना.

८ जानेवारी, बुधवार

पोचलो!!

पहाटे व्हॅनसमोर गाऱ्हाणं घातलं. आमच्यात खरं तर बापई माणसं घालतात, पण ह्यांच्यामागे घरात कुणाला येत नाही. हर्षदला लाज वाटते. गाऱ्हाणं म्हणजे काय, तर मोठ्यांदा देवाला सगळं सांगायचं, मागायचं, आणि बाकीच्यांनी प्रत्येकाला "व्हय म्हाराजा" म्हणायचं. तोंडातून व्हय निघालं की ते ठरलं. मागे घेता येत नाही.

सुंदरा बौद्ध. ती हात जोडत नाही. पण चाळीत व्हय म्हणायला माणसं कमी पडायची तेव्हा सगळे तिलाच हाक मारायचे, आवाज असा खणखणीत! ती म्हणते, "देव तुझा, आवाज माझा, खोबरं दोघींचं."

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरां घाट चढतत, त्येंका सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वॉचमन दचकून उठला.

सुंदरा काय गाडी चालवते! माझं लक्ष बाहेर. पसरणीच्या घाटात वाईचं खोरं खाली असं पसरलेलं की मी हात बाहेर काढून दाखवायला गेले — "ते बघ गं, धरण!" — तर ही खेकसली, "हात आत!!" मी आत घेतला. मग आरशात बघून मागच्या रिकाम्या सीटवर पण ओरडली, "तुम्हीपण रे!" सवय मेली. इतकी हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

९ जानेवारी, गुरुवार

किरणचं घर बघितलं.

मनात होतं, खोली अंधारी असावी. ओल असावी. सुनेनं तोंड वाकडं करावं. काहीतरी असावंच ना!

काही नाही. ऊन खोलीभर. खिडकीतून डोंगर. प्रियंकानं फळीवर बुद्धांची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो आधीच मांडून ठेवलेला. गुडघ्यासाठी न्हाणीत धरायला दांडा बसवलाय. दोन खाटा घातल्यात — दुसरी कशाला कोण जाणे, प्रियंकाची आई येत असेल. माझ्या बोंबलाची चटणी केली तर सून दोन भाकऱ्या जास्त जेवली. अशा सुनेला काय नाव ठेवणार?

सुंदरानं नळ सोडून बघितला, खिडकी उघडून बघितली, खाटेवर बसून बघितलं. 

मी म्हटलं, "थंडी फार आहे हो इथे. गुडघ्याला वाईट."

किरण म्हणाला, "मावशी, हीटर आणलाय."

मेला!

१० जानेवारी, शुक्रवार

महाबळेश्वर. झकास!

स्ट्रॉबेरी खाल्ली. दिसायला नवरी, चवीला सासू. आमच्या करवंदाची सर नाही. तरी दोन डबे संपवले.

एका पॉइंटवर माकडानं माझी पिशवी पळवली. झाडावर बसून बोंबील काढलान, हुंगलान, माझ्याकडे असं बघितलान जसं मीच त्याला फसवलं, आणि दिला फेकून दरीत! सुंदरा कठड्याला धरून हसत होती. "जानके, तुझे बोंबील बघ कुठे उडाले!" एक नवीन जोडपं फोटो काढत होतं, त्यांनी आमचाच काढला. तो फोटो मिळायला हवा होता.

सुंदरानं मला सांगितलं, बस स्टिअरिंगला. एक मोकळं पठार होतं, माणूस ना काणूस. मी म्हटलं वेडी का तू? म्हणाली, "बस गं. मी काय लहानपणी शिकले होते?" बसले. क्लच, गिअर, सगळं सांगितलं. गाडी बेडकासारखी उडी मारून बंद पडली. परत. परत उडी. मग चालली! चालली म्हणजे बैलगाडीपेक्षा हळू, पण चालली. मी ओरडत होते, ती शेजारी शांत. "रस्त्याकडे बघ, बॉनेटकडे नाही." पोरांना सांगावं तसं.

११ जानेवारी

थंडी. लॉजवर एका रजईत दोघी. ती घोरते. हे पण आता किरण ऐकणार.

१२ जानेवारी, रविवार

घरी आलो. सांगायचं आहे ते घाटातलं.

येताना आंबेनळी घाटानं उतरायचं ठरलं, पोलादपूरवरून, म्हणजे माझ्या कोकणाच्या बाजूनं. घाटाच्या तोंडाशी गाडी थांबवली. माझा दुसरा नारळ राहिला होता. म्हटलं, आता नाही मागितलं तर कधी मागणार?

तोंडावर तिला "जाऊ नको" म्हणता येत नव्हतं. कोणत्या तोंडानं म्हणू? पोरगा चांगला, सून चांगली. पण गाऱ्हाण्यात सगळं म्हणता येतं.

"बा देवा म्हाराजा! घाट सुखान उतरव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरच्या लेकरांका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्या माझ्या सुंदराक माझ्यापासून लांब करू नको रे म्हाराजा!"

व्हय आलंच नाही. वारा नुसता. बघितलं तर ती संत्रं सोलत होती, मान खाली.

मी नारळ फोडलाच नाही. पदरानं डोळे पुसत उभी राहिले. मग ती लंगडत पुढे आली आणि बॉनेटवर हात ठेवला. आणि माझ्याच चालीत, खणखणीत —

"बा गाडी म्हाराजा! एवढी वर्षं लोकांची लेकरं सांभाळलीस!"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. व्हय म्हणायला माणूस नको का?

"अंबादासच्या माघारी माझं घर चालवलंस!"

"व्हय म्हाराजा!"

"आता माझा गुडघा क्लच दाबत नाही!"

"व्हय म्हाराजा!"

"मी चालले माझ्या किरणकडे!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ही जानकी लायसन काढून, तुला चालवत, हाच घाट चढून मला भेटायला येणार!"

"व्हय म्हाराजा!!"

निघून गेलं तोंडातून! सवय मेली! मी तोंडावर हात ठेवला, पण दरीतून आवाज परत पण आला.

"ऐकलं सगळ्यांनी," सुंदरा म्हणाली. "फोड आता नारळ."

म्हटलं, "सुंदरे, फसवलंस गं मला!"

"तू नव्हतीस फसवत? देवाच्या आडून?"

फोडला. खोबरं गोड निघालं.  पोलादपूरला वडापाव खाल्ला. तिखट फार होता.

३ फेब्रुवारी, सोमवार

रोज सकाळी नाहूरच्या मैदानात शिकवणी. क्रिकेटची पोरं मला बघून स्टंप उचलून पळतात. आज रिव्हर्समध्ये कचऱ्याचा डबा पाडला. सुंदरा म्हणाली, "प्रगती आहे. काल झाड होतं."

२६ मार्च, बुधवार

पास!!!!! आरटीओच्या साहेबांनी विचारलं, "आजी, या वयात कशाला?" मी म्हटलं, शब्द दिलाय.

२० एप्रिल, रविवार

सुंदरा गेली. भीमजयंती इथलीच करणार म्हणाली होती, ती केली, निळा फेटा बांधून मिरवणुकीत नाचली, गुडघा बिडघा विसरून. आज एसटीनं गेली. किल्ली माझ्या हातात ठेवली, मूठ मिटून दिली. समोरच्या दाराला कुलूप. चहा दोन कप टाकला सवयीनं. दोन्ही मीच प्यायले.

१८ मे, रविवार, पाचगणी

मी आणली! आंबेनळीनं! हर्षद शेजारी दरवाजा धरून, श्रुतिका मागे. तिनं खिडकीतून हात काढला आणि मी ओरडले, "हात आत!!"

सुंदरा फाटकात उभी होती. माझी पिशवी उचलून सरळ खोलीत नेली आणि खिडकीजवळच्या खाटेवर ठेवली. म्हटलं, ही प्रियंकाच्या आईची ना? प्रियंका हसायला लागली. "नाही हो मावशी. डिसेंबरातच आमच्या सासूबाईंचा फोन आला होता. खाटा दोन घाला, जानकी येत राहील."