मच्छरदाणीतला संगणक

सिल्व्हर पार्क, मीरा रोड
३ मे २०२५

चि. मानसीस अ. उ. आ., सप्रेम जयभीम.

फोन न करता शेजारच्या संध्याच्या हाती पत्र पाठवतोय. माझा फोन संगणकाला जोडून चार्ज करायचो, म्हणून तोही संशयित आहे. संगणकाला व्हायरस झालाय. स्क्रीनवर आपोआप चौकट येते आणि त्रेचाळीस धोके आहेत, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं बजावते. काही चालू नसताना आतला पंखा घुरघुरतो. थर्मामीटर लावला, एकशे चार. तीस वर्षं मलेरिया विभागात घरोघर फिरलोय, लक्षणं मला कळतात. त्याला मच्छरदाणीत ठेवलंय. समोरच्या हंसाबेन आजाऱ्यासाठी खिचडी घेऊन आल्या होत्या. आजारी कोण ते कळल्यावर तशाच परत गेल्या.

जीव अडकलाय तो माझ्या आईच्या ओव्यांत. दोनशे बारा ओव्या एका बोटाने टाईप केल्या आणि कागद रद्दीत दिले. आई गेली, मला निम्म्याही आठवत नाहीत. लवकर उपाय कळव. जावईबापूंना जयभीम.

तुझे अप्पा

डोंगरी
५ मे २०२५

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

आधी मच्छरदाणी काढा, त्याला वारा लागू दे. हा डासांचा रोग नाही. कोणीतरी लबाडीने लिहिलेला प्रोग्रॅम आहे. फुकट मिळतोय म्हणून माणूस स्वतःच तो आत घेतो. चौकटीतली धमकीही त्याचीच, त्या नंबरवर अजिबात फोन करू नका. नेटची वायर काढून ठेवा.

रागावू नका, पण तुम्हीच काहीतरी उतरवून घेतलं असणार. म्हातारी माणसं दिसेल त्या बटणावर बोट ठेवतात. संगणकावर कोण बसलं, काय केलं, याची वही तुम्ही पहिल्यापासून ठेवता ना? ती पाठवा. कधी आणि कशातून शिरला ते कळलं की पुढचं सोपं. तब्येत सांभाळा, लोभ असावा.

तुमची मानसी

सिल्व्हर पार्क
७ मे २०२५

चि. मानसीस अ. उ. आ.

वही पाठवतोय. एप्रिलच्या पानावर एक ओळ दिसणार नाही, तिथे शाई सांडली. तू म्हणतेस तेच खरं, मीच काहीतरी दाबलं असेन. वय झालं. उगाच खोलात जाऊ नकोस, ओव्यांचं तेवढं बघ.

तुझे अप्पा

डोंगरी
९ मे २०२५

ती. अप्पांना सा. न. वि. वि.

तुम्ही बॉलपेनने लिहिता, अप्पा. शाई कुठून सांडणार? पान उजेडात धरून वाचलं: ‘१४ एप्रिल. मानसीने जयंतीच्या पोस्टरसाठी फुकटचा प्रोग्रॅम टाकला.’ खाली लगेच १५ तारखेला पहिली चौकट.

दारच्या डबक्यात डासांच्या अळ्या सापडल्या की तुम्ही सख्ख्या भावाचंही नाव नोटिशीत लिहायचात, त्यावरून काका वर्षभर बोलले नव्हते. आणि माझं नाव खोडलंत. वाचून खूप रडले, लाजही वाटली.

रविवारी येतेय. ओव्या पेनड्राइव्हवर काढून, तपासून, उघडतात याची खात्री करूनच संगणक आतून पुसून कोरा करायचा. तोवर त्याला हात लावू नका. वही सोबत आणतेय. ती ओळ माझ्या अक्षरात पुन्हा लिहिली आहे, खाली सही केली आहे.

तुमचीच मानसी