एक वायर डब्याला, एक मिक्सरला

९ एप्रिल

डबा झाला. नासिरचाचांनी शहाद्यात महिनाभर घोळवला, आज हातात दिला. प्लायवुडचा, आत बारा इंची स्पीकर, मागून अर्धा उघडा. मी मोबाईलवर जो फोटो दाखवला होता त्यापेक्षा हा बरा दिसतो. कोपऱ्यांना पत्रा ठोकलाय. चाचा म्हणाले, "इसपे बैठना मत. बाकी सब करना."

आता नीट लिहून ठेवतो, नाहीतर मीच विसरेन. डोंगरसिंगदादाच्या बँडच्या गाडीवर मला तीन लग्नं गिटार वाजवायची आहे. तीन झाली की दादा सांगणार – ठेवायचं की नाही. नाही ठेवलं तर आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाल्यावर नवापूरला, मामांच्या कोंबड्यांवर. पप्पा जेवताना म्हणाले, "सुरत झालं, नाशिक झालं, मोबाईल रिपेअरिंग झालं. आता कोंबड्या तरी तुला एका जागी बसवतात का बघू." मी हसलो. ते नाही हसले.

आणि दादाचं गिटारवाचून अडलंय असंही नाही. त्याच्या कीबोर्डात गिटारचं बटण आहे. तोच म्हणाला, "बटन चहा मांगत नही."

१० एप्रिल

गाडी म्हसावदला दादाच्या खळ्यात उभी असते. पुढच्या बाजूला दोन मोठे टॉप, म्हणजे भोंग्यासारखे स्पीकर, तोंडं नाचणाऱ्यांकडे. आम्ही त्यांच्या मागे. तिथे आपलं आपल्यालाच काही ऐकू येत नाही, ढोल आणि जनरेटर सोडून. म्हणून तर डबा.

माझा प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज घडवणारी पेटी, सुरतचा, जुना. एका पोराकडून घेतला, त्याचं लग्न ठरलं होतं आणि बायकोला आवाज चालणार नव्हता म्हणे. (ती पोरगी बघायची होती मला. असो.) प्रोसेसरमध्ये सगळी नक्कल असते – अँपची म्हणजे अँप्लिफायरची नक्कल, डब्याची पण नक्कल. गिटार त्यात, तिथून छोट्या पॉवर अँपला, तिथून चाचांच्या डब्याला. जोडलं, वाजवलं. आवाज कसा? कोणी गोधडी पांघरून बोलतंय तसा.

दुपारभर बटणं फिरवली. वायर बदलली. अँपला शिव्या दिल्या.

तौहिद आला. चाचांचा मुलगा, गाडीचा मिक्सर, म्हणजे सगळे आवाज एकत्र करून टॉपला देणारं यंत्र, तोच बघतो. दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाला, "आत एक डबा, भाईर एक डबा. डबामा डबा टाकी ऱ्हायना तू."

त्याने आयुष्यात प्रोसेसरला हात लावलेला नाही!

आतला नकली डबा बंद केला. मग कळलं चाचांनी काय बनवलंय ते. तारेवर नख घासलं तरी ऐकू येतं.

११ एप्रिल

नवीन भानगड. तीच वायर मिक्सरला लावली तर टॉपमधून कर्रकर्र. तौहिदने कानावर हात ठेवले. "मोहोळ उठाडं का रे?"

बरोबर आहे. टॉप काही गिटारचे डबे नव्हेत. तिकडे नकली डबा चालू पाहिजे. चालू ठेवला की चाचांचा डबा गोधडीत. बंद ठेवला की टॉप किंचाळतात. एकाचं भलं केलं की दुसरा रुसतो.

१२ एप्रिल

तोरणमाळला गेलो. काम काहीच नव्हतं. माझ्या मित्राने, अरबाजने, नवी मोटरसायकल घेतली, घाटात ती कशी चढते ते बघायचं होतं. चढली. तलावात पाय टाकून बसलो. एक आजोबा चारोळ्या विकत होते, त्यांना जंगलातल्या झाडांची नावं विचारत बसलो, सगळी विसरलो. पहिलं लग्न सहा दिवसांवर.

१५ एप्रिल

जमलं! प्रोसेसरच्या आतच वाट फुटते, हे मला माहीतच नव्हतं. अँपची नक्कल झाली की तिथून दोन रस्ते. एक डावा – नकली डबा नाही, सरळ पॉवर अँप आणि चाचांचा डबा. दुसरा उजवा – नकली डबा चालू, सरळ मिक्सर. मागे भोकं दोनच आहेत, डावं आणि उजवं, मी इतके दिवस एकच वापरत होतो. दोन दरवाजांचं घर आणि मी खिडकीतून उड्या मारतोय.

उजव्या वायरला लाल चिकटपट्टी लावली, विसरायला नको म्हणून. तौहिदने मिक्सरवर एक मोकळी जागा दिली. संध्याकाळी टॉप बंद ठेवून दोन तास वाजवलं. डबा पायाशी, तोंड माझ्याकडे. खळ्यातली म्हैस पण थांबली चघळायची. असं मला वाटलं.

१८ एप्रिल

पहिलं लग्न. लोणखेड्याच्या पुढे. दुपारचं ऊन, गाडीचा पत्रा तापलेला. चार तास वाजवलं. डब्यातून माझा एकेक सूर येत होता, गोल, भरलेला. इतकं चांगलं मी कधी वाजवलं नव्हतं. पोरापोरींची रांग एकमेकांच्या कमरेत हात घालून डोलत होती, धूळ उडत होती. मला वाटलं, हे सगळे माझा तोच आवाज ऐकतायत.

दादाने जेवताना माझ्या पानात एक जिलेबी जास्त टाकली. एवढंच.

२० एप्रिल

माझी बहीण भाविका मोबाईल घेऊन आली. लग्नाचा व्हिडिओ कोणीतरी टाकलाय. "दादा, हा तूच ना? पण गिटार कुठंय?"

गिटार होती. पण पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. कर्रकर्र, जुन्या बेंजोसारखा. मी तीनदा बघितलं. बोटं माझी, आवाज माझा नाही.

चार तास मी माझा डबा ऐकत बसलो आणि लोक भलतंच ऐकत होते. डबा माझ्याशी खोटं बोलला असं नाही. तो मला विचारलं तेवढंच सांगत होता.

२१ एप्रिल

सकाळीच तौहिदकडे. आधी भांडलो, मग दोघांनी वायरी तपासल्या. प्रोसेसर बरोबर. नकली डबा चालू. लाल पट्टी जागेवर. मग त्याने मिक्सरवरचं कापड उचललं. मला दिलेली जागा जुन्या बेंजोवाल्याची. तिची पातळ आवाजाची (ट्रेबलची) खुंटी पूर्ण वर आणि फेविक्विकने चिकटवलेली.

"हाई काय शे?"

"रस्तामा दचके बसेत ना, खाले सरकी जाये. मग अब्बांनी चिटकाडी. धा वरीस व्हई गयात."

दहा वर्षं! बेंजोवाला वारला, खुंटी आहे तिथेच. तौहिदला हसू आवरेना, मग मलाही. निवेदनाच्या माईकची जागा मी घेतली, माईक चिकटलेल्या जागेवर गेला. निवेदक काय, तसाही किंचाळतोच.

२६ एप्रिल

दुसरं लग्न. या वेळी मध्येच गाडीवरून उतरून, लांब वायर ओढत, पुढे जाऊन ऐकलं. बाहेर पण तोच गोल आवाज. शेवटी.

अर्ध्या तासात रांग ढिली पडली. मागची माणसं पाणी प्यायला निघून गेली. मला वाटलं ऊन. दादा गाडीवर चढला.

"गिटार कसाले बदली?"

बदलली नाही, नीट केली, असं सांगितलं. दादा रागावला नाही. हात धरून मला खाली नेलं, पार रांगेच्या शेवटच्या माणसाजवळ उभं केलं. ढोल छातीत येत होता. गिटार कुठेच नाही.

"आठे काय आयकू येस? रांगनं शेवटलं माणूस त्या कर्रकर्र आवाजवर पाय उचलस. तोच एवढा लांब येस. तुन्हा गोड आवाज ढोलमा बुडी जास."

खरंच बुडत होता.

"फिरी लाव."

परत लावला, चिकटलेल्या जागेवर. पाच मिनिटांत रांग रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

२८ एप्रिल

दोन दिवस विचार केला (मध्ये एक दिवस शहाद्याला केळीच्या ट्रकमध्ये बसून गेलो, उगाच). मला वाटायचं एक आवाज बरोबर, एक चूक. तसं नाही. उजवी वायर लांबच्या माणसासाठी. डावी माझ्यासाठी. तिकडे कर्रकर्र जाऊ दे, इकडे डबा आहे ना.

३० एप्रिल, आखाजी

तिसरं लग्न. टॉपमधून खिळा, डब्यातून मध. कोणाची तक्रार नाही. सगळं झाल्यावर दादा म्हणाला, "मंगळवारपासून ये. बटनले सुट्टी."

मिळाली जागा! पप्पांना फोन लावणार तेवढ्यात दादा म्हणाला, "डबा मातर उतार. तठे गानारी पोर उभी ऱ्हाई."

मग मी स्वतःला ऐकू कसा, हे विचारलं. "लोके आयकतस ना. तुले आयकीसन काय करनं?"

हो म्हणालो. कोंबड्या आठवल्या आणि हो म्हणालो.

१ मे

डबा चाचांच्या दुकानात नेऊन ठेवला. त्यांनी फडकं मारलं. पप्पा खूश आहेत. मामांना त्यांनीच कळवलं.

६ मे

पहिला पगारी दिवस. चार तास वाजवलं. रांग मोठी होती. मी काय वाजवलं मला माहीत नाही.

७ मे

सकाळी गाडी धूत होतो. दादा येऊन उभा राहिला. पायाने चाक दाबून बघितलं. मग म्हणाला, "रविवारी मन्ही पोरनं लगीन शे. घरनं."

म्हटलं, गाडी चकाचक करून ठेवतो.

"गाडी आठेच ऱ्हाई. आंगनमा घरनीच माणसं, लांब कोनी नही. तो डबा लई ये नासिरकडथून."

"आणि मिक्सरची वायर?"

"ती नको."