बाबांचा पहिला बटाटा

पादासयोकी,
२६ डिसेंबर १९७८

प्रिय वेइक्कोदादा,

तुझं पत्र आणि गोथेनबर्गहून पाठवलेलं पार्सल नाताळाच्या आधीच पोचलं. कॉफी फर्मास आहे. तुम्ही सगळे खुशाल असाल. आम्हीही मजेत आहोत. यंदा बर्फ असा पडलाय की विहिरीकडे जाताना दोन्ही बाजूंना कमरेएवढ्या भिंती आहेत. आमची लेक आइला दिवसभर बर्फावरच्या ढकलगाडीवरून तळ्यावर घसरत असते. नाक लाल झालं तरी घरात यायचं नाव नाही.

तू सांगितलेलं काम विसरले नाहीये. येते त्यावर, जरा दम धर.

आधी बाबांबद्दल लिहू दे. आई गेल्यावर आपण दोघंही धरून चाललो होतो की हा माणूस आता पावाला लोणी लावून दिवस काढणार. जन्मात कधी बटाटा सोलला नाही त्यांनी! म्हणून मी लाहतीहून टोपलीभर स्वयंपाक करूनच निघाले. दार उघडलं तर घरभर भाजत्या डुकराच्या मांडीचा खमंग वास. गोठलेल्या तळ्याला भोक पाडून, खाली जाळं लावून त्यांनी मासा आणला होता आणि स्वतः खारवला होता. आलुबुखार भरलेल्या पिठाच्या चांदण्या केल्या होत्या. जरा वाकड्या, पण केल्या होत्या. अंगणात पाखरांसाठी ओटची पेंढीसुद्धा बांधलेली. माझी टोपली मी लाजून जिन्याखाली सरकवली.

टाउनोनं लगेच चेष्टा केली, "सासरेबुवा, आता तुमच्यासाठी स्थळं बघायला हरकत नाही."

"जावईबापू, आधी आपला कप आपण विसळायला शिका," बाबा म्हणाले, "मग माझ्या लग्नाचं बघा."

दादा, मला इतका अभिमान वाटला की मी सरळ रडले.

आणि चुलीमागे, आईच्या शालीत गुंडाळलेलं पातेलं. तिचा बटाटा! उकडून कुस्करायचा, थोडं पीठ घालायचं आणि उबेत झाकून ठेवायचा. साखरेचा कण न घालता दिवसभरात तो आपसूक गोड होतो, मग भट्टीत भाजायचा. गावातल्या निम्म्या बायका गुपचूप काकवी घालतात. आईच्या लेखी काकवी घालणं म्हणजे नाक कापून घेणं. आठवतं ना, काकूचा बटाटा चाखून ती काय बोलली होती ते?

बाबा सारखे शाल उघडून चाखत होते. "अजून नाही," म्हणत परत झाकत होते. मी विचारलं तेव्हा कळलं की त्यांनी चुलीवरून उतरवल्या उतरवल्या पीठ घातलं होतं. आई करंगळी बुडवून बघायची, पोळलं नाही की मगच पिठाला हात लावायची. एवढ्या गरम बटाट्यात पीठ मरतं. मग तो गोड होत नाही, कितीही वाट बघा.

"बाबा, दुसरा लावू या का?"

"आता कुठला होतोय संध्याकाळपर्यंत? बस इथे, हिल्का." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "तू आल्यापासून कपाटांची मापं घेतल्यासारखी बघतेयस. वेइक्कोनं लिहिलंय ना, म्हाताऱ्याला घेऊन जा म्हणून?"

मी स्टुलावर बसले आणि मान हलवली.

"मीही ठरवलंय. तुझ्या आईचा नाताळ मला एकट्याला पुरा मांडता आला, तर मी हे घर सोडणार नाही. हा बटाटा गोड झाला नाही, तर तुझ्याबरोबर येतो. घर विका. कुरकुर करणार नाही."

मग ते टाउनोला घेऊन वाफेच्या आंघोळीला सॉनाकडे निघाले. दारातून म्हणाले, "भट्टीत सरकव तेवढा. जो होईल तो होईल."

म्हणजे तुझं काम आपोआप झालं होतं, दादा. मला तोंडही उघडावं लागणार नव्हतं. मी चमचाभर चाखला. कागदासारखा फिक्का. खिडकीतून ते दोघं दिसत होते. बाबा पुढे फावड्यानं वाट करत होते आणि तुझा धडधाकट मेहुणा मागून धापा टाकत चालला होता.

मी काकवीची बाटली काढली. चांगली हात सैल सोडून ओतली, ढवळला आणि भट्टीत टाकला.

अंधार पडताना आम्ही आईकडे जाऊन आलो. नाताळच्या रीतीप्रमाणे सगळी दफनभूमी मेणबत्त्यांनी उजळली होती. बाबांनी हातांनी बर्फ बाजूला करून तिची मेणबत्ती लावली आणि तिच्या दगडावर हात टेकून उभे राहिले. मला वाटलं, निरोप घेतायत.

जेवायला बसल्यावर त्यांनी सगळ्यात आधी बटाटाच घेतला. तोंडात घोळवला. चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं. दादा, आपण लहानपणी सॉनात विडी ओढून आलो होतो, तेव्हा बघितलं होतं अगदी तसंच.

"इतका गोड," ते म्हणाले, "माझ्या सायमीलाही कधी जमला नव्हता."

मी मान वर केली नाही. त्यांनी पातेलं ओढून परत भरपूर वाढून घेतलं.

"ठरलं तर मग. मी इथेच."

तर मी त्यांना सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. शरद ऋतूत ते विहिरीपाशी घसरले तेव्हा जवळ कोणी नव्हतं, हे तू लिहिलंस ते खरंच आहे. भीती मलाही वाटते. टाउनो आज विहिरीपर्यंत कठडा ठोकतोय आणि दर रविवारी मी येत जाईन. चिडलास तर चीड. पण मग पुढच्या नाताळला स्वतः ये, त्यांच्या हातचं पोटभर जेव, आणि तोंड पुसून त्यांना सांग की घर सोडा. बघू तुझी जीभ उचलते का.

तुझी धाकटी, पण या बाबतीत पुरती बाबांची,
हिल्का