खुबूस वाळवले ते मीच

२५ फेब्रु. ९८, बुध.
राखेचा बुधवार. संध्या. मिस्सा. कपाळावरची राख पुसू नको म्हटलं, तर रीना म्हणे, "ममी, टॅक्सीवाला इज स्टेअरिंग." रोझरीनंतर वाचायला यंदा वसईहून आणलेलं पुस्तक काढलं. वाळवंटातले पहिले ख्रिस्ती संन्यासी. सुकी भाकर, मीठ, पाणी, वर्षानुवर्षं. हे मान वर करून ऐकत होते. ऑगस्टात ह्यांच्या साइटवरचा, ह्यांच्याच हजेरीतला मजूर सखाराम इथल्या आखाती उन्हानं गेला, तेव्हापासून प्रथमच.

२ मार्च, सोम.
हे म्हणाले, ईस्टरपर्यंत मीही तसंच खाणार. बरं वाटलं मला. देवाकडे वळतायत. खुबूस, इथली अरबी रोटी, बाल्कनीत ताटावर पसरले, तासाभरात कडकडीत. शेजारच्या नायरबाई, "भाभी, पापड?" हो म्हटलं. प्रभू क्षमा कर.

१० मार्च, मंगळ.
ह्यांचा दोन खुबुसांचा एक झाला. गादी सोडली. एक संन्यासी खांबावर उभा राही, ते पान ह्यांनी दुमडून ठेवलंय. रीना ओरडली, "पपा, यू आर नॉट अ सेंट! यू आर अ टाइमकीपर!" हे म्हणाले, "तेच तर."

१३ मार्च, शुक्र.
सुट्टी. हे भर बाराला गच्चीवर, डिश अँटेनांच्या मध्ये, उघड्या डोक्यानं उभे. मी ओढायला गेले तर हे म्हणाले, "सखाराम सांगत होता, सायेब, चक्कर येते. मी म्हटलं, यल्ला, चल, नाटक नको. हजेरी लावली नि परांचीवर चढवला."
सात महिने पोटात ठेवलं. शेजारी उभी राहिले. मला अर्ध्या तासात अंधारी आली. हे हलले नाहीत.

२० मार्च, शुक्र.
मिस्सानंतर फादरना गाठलं. सखारामचं नाही सांगितलं, उपासाचं सांगितलं. फादर म्हणाले, "पाहुणा आला की ते संन्यासीही उपास मोडत, बाई. घरी कुणाला बोलवा."
कुणाला बोलवायचं ते मीच ठरवलं.

२७ मार्च, शुक्र.
सोनापूरच्या मजूर कॅम्पातून सखारामचा धाकटा भाऊ गणपत आला. भात, बोंबलाचं कालवण. "वैनी, झकास! क्यांपात डाळीत डाळ शोधावी लागते." मग ह्यांना, "जेवा की सायेब. आमी तेराव्याला गोड करतो, नि तुमी अजून सुतकात?"
हे जेवले. चार घास. मी मनात स्तोत्र म्हणत होते. पाचव्या घासाला हात थांबवून ह्यांनी त्याला सगळं सांगून टाकलं. चक्कर, नाटक, हजेरी.
गणपतनं ताट बाजूला सारलं. "हे मला कशाला सांगितलंत, सायेब. आता आयेला काय लिवू?" हात न धुता गेला.
हे बेसिनपाशी गेले. चारही घास बाहेर.

५ एप्रिल, रवि.
साइटवर पडले. क्लिनिकात दोन सलाइन. डॉक्टर मलबारी, माझ्यावरच चिडले. "घर में खाना नहीं देते क्या?"
बिल भरून घरी आणलं.

१२ एप्रिल, रवि.
ईस्टर. पेज केली, मऊ, तूप घालून. म्हटलं, "खलास झाला उपास. आता तरी खा."
म्हणाले, "भूकच लागत नाही गं. लागायची तेव्हा वाटायचं, काहीतरी देतोय. आता देण्यासारखं तेही उरलं नाही."
चमचा तोंडाशी धरून बसलेय. ओठ उघडत नाहीत. रीना नवा फ्रॉक घालून मिस्साला निघायला दारात. "ममी, आर वी गोइंग ऑर नॉट?"
एका हातानं हे लिहितेय. चमचा खाली ठेवावा, तर पुन्हा मीच खुबूस वाळवल्यासारखं.