मुठीमुठीचे नामांतर

मु. चोरपाडा (हा उल्लेख बहुधा अखेरचा), ता. शहापूर
मार्च २००३

रंगकलानिपुण, पाटीलेखनधुरंधर मेव्हणे श्री. भगीरथराव यांस, मुरबाड मुक्कामी हनुमान मास्तरांचा साष्टांगाहून किंचित कमी, परंतु मनःपूर्वक नमस्कार.

आपल्या भगिनी सौ. सरस्वती सुखरूप असून माझ्या दोषांचे त्यांचे नित्यपठण अखंड चालू आहे. टोकावड्याच्या ढाब्याची पाटी रंगविताना शिडीसह भूमीस मिळालेली आपली कंबर आता वाकते काय, आणि वाकल्यास पुन्हा सरळ होते काय, हे सविस्तर कळवावे.

आमच्या पाड्याचे सरकारी नाव आपण जाणताच. (कोणे एके काळी एका गोऱ्या अंमलदाराची घोडी येथून नाहीशी झाली. ती तानसाच्या रानात यथेच्छ चरताना सापडली खरी, परंतु तोवर दप्तरात नाव चढले होते. घोडी निर्दोष सुटली, पाडा अडकला.) आमच्यातील जिवली ही विधवा बाई शहापुरात घरकाम शोधीत हिंडते. तिच्या रेशनकार्डावरील गाव वाचताच मालकिणींचा हात प्रथम स्वतःच्या मंगळसूत्राकडे जातो आणि मागोमाग दाराच्या कडीकडे. अखेर ती ग्रामसभेत उभी राहिली. “मी कुनाची काडी उचलली नाय. पन माझ्या आधी गावाचं नाव दारात जाऊन उभं ऱ्हातं. पोरांना काय घालू? नाव बदला!”

पाड्यातील उंबराच्या झाडावरून मी तत्काळ ‘औदुंबरक्षेत्र’ हे भारदस्त नाम सुचविले. “ह्ये सांगेस्तोवर एश्टी निघून जाईल, मास्तर,” असे आमच्यातलाच जैतू वदला आणि माझी विद्वत्ता जागीच निवर्तली. जिवलीने सुचविलेला ‘उंबरपाडा’ तेवढा उरला. विरोधास उभे राहिले वृद्ध धाऊबाबा. “माझी बायको नांदायला आली ती चोरपाड्यात. आता ती नाय. उंबरपाड्यात मी कोन?” या युक्तिवादावर अर्धी सभा त्यांच्याकडे सरकली, तेव्हा मत घेणे आले.

हात वर करण्यास सांगावे, तर सुना सासऱ्यांकडे पाहून हात वर करणार. म्हणून सभेचा अध्यक्ष या नात्याने (शिकलेला म्हणून ते पद माझ्या गळ्यात पडले होते) मी गुप्त मतदान योजिले. शाळेच्या खोलीत दोन टोपल्या. नव्या नावास तांदळाचा एक दाणा, जुन्यास नागलीचा, म्हणजे नाचणीचा, एक दाणा, प्रत्येकाने घरून झाकल्या मुठीत आणावा. योजना निर्दोष होती. परंतु सर्वांत ज्येष्ठ मतदार अंबूबाई दारातच कडाडल्या, “टोपलीत एक दाना कुनी टाकतो का रं? चिमनीला घालतोस?” आणि त्यांनी मूठभर मत ओतले. त्यांच्यामागे अवघा पाडा. रित्या हाताने टोपलीपुढे जाणे या लोकांस ठाऊकच नाही! सायंकाळपावेतो दोन्ही टोपल्या शिगोशीग भरल्या आणि लोकशाहीचे माप काही लागेना.

“मोज की मास्तर, शिकलेला हायस ना?” धाऊबाबा म्हणाले. मापाने मोजावे, तर ज्याचा पंजा रुंद त्याचे मत मोठे. ज्याची मूठ त्याने परत घ्यावी, तर दिलेले धान्य परत घेईल असा एकही मनुष्य पाड्यात नाही. (असे अन्यत्र कोठे असल्यास कळवावे, मी तेथे बदली मागेन.) निवाडा अंबूबाईंनीच दिला. “शिजवा. ज्यानं जे टाकलं त्यानं ते खावं. पानं मोज.”

चूल पेटली. तांदूळ लौकर शिजला. नागली मात्र दळावयाची होती. भाताची वाफ दरवळू लागताच जुन्या नावाचे कट्टर अभिमानी एकेक करून भाताच्या पंगतीस सरकले आणि गुप्त मतदानाचे तत्त्व त्या वाफेत विरघळले. दुसऱ्या पंगतीत, रिकाम्या पानापुढे, एकटे धाऊबाबा उरले. हलेनात.

भगीरथराव, यापुढील दृश्य मी थट्टेविना लिहितो. जिचे पोट या निकालावर होते, ती जिवली भातावरून उठली, जात्याशी बसली, विरोधी पक्षाची नागली दळली, भाकरी थापली आणि धाऊबाबांच्या पानात वाढली. “खा बाबा. तुमचं मत हाय ते.”

म्हाताऱ्याने सावकाश अर्धी भाकरी खाल्ली. “बदला नाव,” म्हणाले. “पन मी माझ्या तोंडानं जुनंच म्हनीन.”

“म्हना की! तुमाला कोन कामाला ठेवतंय?” जिवली म्हणाली, आणि पंगत हसली, धाऊबाबांसकट. ठराव एकमताने संमत झाला. वेद-उपनिषदे मी चाळली आहेत (मुखपृष्ठे तरी), परंतु इतकी सुसंस्कृत सभा पाहिली नव्हती.

आपला,
हनुमान

ता. क. : मी कोणत्या पंगतीत बसलो, हे सौ. सरस्वतीस विचारू नये. अध्यक्षास तटस्थ राहावे लागते, म्हणून मी दोन्ही पंगतींत जेवलो.

ता. क. दुसरा : ठराव सरकारदरबारी गेला आहे. तो परत येईल तेव्हा आपण उभयता असू अशी आशा आहे.

ता. क. तिसरा (पत्राचे कारण) : शहापुरातील एका बाईंनी जिवलीस गाव विचारले. तिने ‘उंबरपाडा’ सांगितले. “कुठं आलं ते?” यावर तिने प्रामाणिकपणे “चोरपाडा म्हनत, त्योच,” असे उत्तर दिले. असे गाव खरेच आहे काय, हे बाईंचे यजमान रविवारी स्कूटरवरून स्वतः पाहावयास येत आहेत. तरी शनिवारपर्यंत फाट्यासाठी ‘उंबरपाडा’ अशी ठसठशीत पाटी रंगवून धाडावी. खांबाची चिंता नसावी. तो धाऊबाबांनी कालच खड्डा खणून रोवला असून, पाटी कधी येते म्हणून ते त्याच्याशी बसून आहेत.